वीस मीटर तार आणि तीनशे किलोमीटर उंचीचं छत

शेताच्या बांधावर दोन कडुनिंब हवेत आणि त्यांच्यामध्ये ताणायला वीस मीटर तांब्याची तार. तार मधोमध तोडायची, तुटलेल्या दोन टोकांना काळी कोॲक्स केबल जोडायची आणि केबलचं दुसरं टोक रेडिओ संचाला लावायचं. संचाला वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची चालते. एवढ्या सामानावर भूम, कळंब, परंडा, उमरगा, धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून माणूस कोलकात्याशी बोलू शकतो, मॉस्कोशी बोलू शकतो, हवामान साथ देत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या शेतकऱ्याशीही. मध्ये मोबाइलचा टॉवर लागत नाही. समुद्राखालची केबल लागत नाही. महिन्याचं बिल पाठवणारी कंपनी तर नाहीच.

या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात. जगभरात लाखो लोक तो करतात, त्यात विद्यार्थी आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर आहेत. प्रत्येकाजवळ सरकारचा परवाना असतो आणि प्रत्येकाला जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं एक नाव मिळतं, कॉलसाइन. भारतातली बहुतेक कॉलसाइन ‘व्हीयू’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. ती ऐकली की ब्राझीलमधल्या हॅमला कळतं, समोर भारत आहे.

मला यातलं सगळ्यात विलक्षण काय वाटतं, तर माणूस आणि माणूस यांच्यामध्ये इथे कुणीच मध्यस्थ नाही. जो मध्यस्थ आहे तो निसर्ग आहे. त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकणं म्हणजेच हा छंद.

सुरुवात तारेपासूनच करू. वीस मीटरच का? हॅम लोकांचा एक अतिशय गजबजलेला पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झचा आहे. संचातून निघालेला वीजप्रवाह या पट्ट्यावर सेकंदाला सत्तर लाखांहून अधिक वेळा मागेपुढे हेलकावतो. त्यातून निघणारी लहर प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, म्हणजे एका हेलकाव्यात साधारण ४२ मीटर अंतर कापते. म्हणून या पट्ट्याला ४० मीटर बँड म्हणतात. तार त्याच्या निम्मी ठेवली की प्रवाह तारेच्या टोकापर्यंत जाऊन परततो तेव्हा त्याची पुढच्या हेलकाव्याशी अचूक गाठ पडते. दोन्ही एकमेकांना जोर देतात आणि तार आपली ऊर्जा मोकळ्या हातांनी आभाळाला देऊन टाकते. लांबी चुकली तर तीच ऊर्जा केबलमधून मागे फिरते आणि संच तापतो. नवखा हॅम म्हणून आधी थोडी जास्त तार बांधतो, मागे फिरणारी ऊर्जा दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरकडे बघतो, तार खाली घेतो, ती चार बोटं आखूड करतो, पुन्हा वर चढवतो. मीटरचा काटा खाली आला की तो दिवस सार्थकी लागला.

आता आभाळाकडे बघू. रेडिओची लहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. मग ती लहर क्षितिजापलीकडे वळते कशी? उत्तर आपल्या डोक्यावर, विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर आहे. सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण तिथल्या विरळ हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुट्या इलेक्ट्रॉनांचं हे आवरण म्हणजे आयनोस्फिअर. खालून आलेली लहर या इलेक्ट्रॉनांना आपल्या तालावर हलवते. हलणारे इलेक्ट्रॉन स्वतः लहरी सोडू लागतात आणि सगळ्यांची बेरीज होऊन लहर हळूहळू वाकते व जमिनीकडे परत येते. लहरीची वारंवारता फार जास्त असेल तर इलेक्ट्रॉनांना तो ताल पेलत नाही आणि ती आरपार अवकाशात निघून जाते. एफएमचं स्टेशन शे-दीडशे किलोमीटरनंतर विरतं ते त्यामुळेच. ७ मेगाहर्ट्झची लहर मात्र परत येते.

हे आवरण एकसंध नाही. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर एक थर आहे, त्याला डी थर म्हणतात. त्याच्या कितीतरी वर, अडीचशे ते चारशे किलोमीटरच्या आसपास, एफ थर. लहर परतवण्याचं खरं काम एफ थराचं. डी थर उलट वाटेत आडवा येतो. तिथली हवा दाट असल्यामुळे हललेले इलेक्ट्रॉन लगेच शेजारच्या रेणूंना धडकतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. दिवसभर हा डी थर लांबच्या, तिरप्या वाटेने जाणाऱ्या लहरी गिळून टाकतो. दिवसा ४० मीटर बँडवर मुख्यतः काहीशे किलोमीटरच्या परिघातली माणसं भेटतात ती यामुळे. सूर्य मावळला की दाट हवेतले इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा अणूंना चिकटतात आणि डी थर नाहीसा होतो. वरचा एफ थर मात्र रात्रभर टिकतो, कारण तिथली हवा इतकी विरळ आहे की सुट्या इलेक्ट्रॉनला परत घर सापडायला वेळ लागतो.

धाराशिवात दुपारपासून रात्रीपर्यंत संच लावून ठेवला तर हे सगळं कानांनी ऐकता येतं. दुपारी सोलापूर, पुणे, हैदराबाद, बंगळूरचे आवाज. सूर्य कलला की ते क्षीण होतात आणि पूर्वेकडून इंडोनेशिया, जपान, ऑस्ट्रेलियाचे आवाज वर येऊ लागतात, कारण तिकडे आधीच रात्र झालेली असते. रात्र जशी पश्चिमेला सरकते तशी आखाती देशांची पाळी येते, मग युरोपची. पृथ्वीवरची संधिप्रकाशाची रेघ जिथून जिथून जाते, तिथल्या ठिकाणांना काही मिनिटं एकमेकांशी बोलण्याची खास संधी मिळते. जगातले हॅम या मिनिटांची वाट बघत भल्या पहाटे उठतात. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत शिकतो. इथे ती फिरताना ऐकू येते.

सूर्यसुद्धा ऐकू येतो. त्याच्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. डाग वाढले की एफ थर घट्ट होतो आणि उंच वारंवारतेच्या पट्ट्यांवरही थोड्या वॅटमध्ये जग गाठता येतं. पण सूर्यावर मोठा भडका उडाला तर आठ मिनिटांत, म्हणजे प्रकाश इथे पोचताच, डी थर फुगतो आणि भारतात दिवस असेल तर बँड एकदम मुका होतो. नवख्याला वाटतं आपला संच बिघडला. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हान्लेवरून आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, त्या सौरवादळाच्या वेळी जगभरचे हॅम आपापल्या संचांवर आयनोस्फिअरची उलथापालथ ऐकत होते. वळवाच्या दिवसांत तर शेकडो किलोमीटरवर कडाडणाऱ्या विजेची खरखरही हेडफोनमध्ये येते. गडगडाट जवळ आला की मात्र शहाणा हॅम केबल संचातून काढून घराबाहेर टाकतो.

इथवर आलो आहोत तर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या जिल्ह्याशी तिचा संबंध फार जवळचा आहे. लांबचं बोलायचं तर तार उंच हवी, म्हणजे लहर तिरपी, क्षितिजाच्या अंगाने निघते. पण तार मुद्दाम बुटकी, तीन-चार मीटरवर बांधली तर लहर जवळपास सरळ वर जाते, एफ थराला लागून सरळ खाली येते आणि चारी बाजूंना काहीशे किलोमीटरवर पावसासारखी पडते. लोहाऱ्याहून मुंबई सरळ रेषेत चारशे किलोमीटरला थोडी कमी. मध्ये बालाघाट आहे, सह्याद्री आहे. लहरीला त्यांचं काहीच वाटत नाही. ती तीनशे किलोमीटर वर जाऊन डोंगरांच्या माथ्यावरून उतरते. वर-खाली मिळून सातशे किलोमीटरचा प्रवास आणि वेळ अडीच मिलिसेकंद. चार मीटरचा बांबू, तार आणि बॅटरी असली की जिथे काहीही उरलं नाही तिथून राजधानीशी बोलता येतं.

जिथे काहीही उरलं नाही अशी पहाट या भागाने पाहिली आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची बावन्न गावं भुईसपाट झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं, उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच अंगावर आली. हजारो माणसं गेली. पाठोपाठ पाऊस लागला.

त्या वेळी भारतात मोबाइल फोन नव्हता. देशातला पहिला मोबाइल कॉल व्हायला अजून जवळपास दोन वर्षं होती, तो ३१ जुलै १९९५ ला झाला. गावात फोन म्हणजे एखाददुसरा, तोही तारेवरचा. अशा वेळी कुठल्या गावात किती जखमी आहेत, कुठे औषध संपलं, कुठे ताडपत्री हवी, कुठला रस्ता चिखलाने बंद झाला, हे कुणी कुणाला सांगायचं? पोलीस आणि लष्कराच्या वायरलेस यंत्रणेच्या जोडीला हॅम लोक आपले संच, तारा आणि बॅटऱ्या घेऊन भूकंपग्रस्त भागात उतरले. हैदराबादला १९८३ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था आहे, तिच्या आपत्कालीन कामांत लातूरच्या भूकंपाचा समावेश होतो. वाटही सरळ, हैदराबादहून सोलापूरकडे येणारा महामार्ग उमरग्यावरूनच जातो. छंद म्हणून घरात जमवलेलं सामान एका रात्रीत गरजेचं झालं, आणि ते चालवणाऱ्यांना त्याचे पैसे मिळत नव्हते. हॅम परवान्याचा नियमच तसा आहे, या लहरींवर कमाई करता येत नाही.

या कामाची शिस्त बघण्यासारखी असते. निरोप आधी कागदावर लिहायचा, कुणाकडून, कुणाला, किती वाजता. मग तो सावकाश वाचायचा. खरखरीत नाव चुकू नये म्हणून अक्षरागणिक सांगायचं. सास्तूर असेल तर सिएरा, अल्फा, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, रोमिओ. पलीकडच्याने संपूर्ण निरोप परत वाचून दाखवायचा आणि मगच तो पोचला असं मानायचं. औषधाच्या नावात एक अक्षर चुकलं तर काय होईल, याची जाणीव ठेवून ही पद्धत बसवली आहे. पुढे २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात हॅम पुन्हा धावले. आणि २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालची हॅम मंडळी जगाशी संपर्क साधण्याचा एक हौशी उपक्रम म्हणून पोर्ट ब्लेअरला तळ ठोकून होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले.

लघुलहरींची ही ताकद जगाला कुणी दाखवली, याची हकीकत मला फार प्रिय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाणकारांचं मत असं होतं की लांब पल्ल्यासाठी लांब लहर हवी, हजारो मीटरची. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी कुचकामी समजल्या जात. म्हणून १९१२ च्या कायद्याने अमेरिकेने त्या हौशी लोकांना देऊन टाकल्या. हौशी लोक त्यांच्यावर रात्र रात्र जागले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या हौशी केंद्रांनी सुमारे ११० मीटर लहरीवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केलं. त्यानंतर जगाचा नकाशा बदलला. अवघ्या चार वर्षांत, १९२७ साली, भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची व्यापारी तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. सोलापूरहून पुण्याला जाताना आपण ज्या दौंड स्टेशनवर चहा घेतो, तिथल्या माळावर इंग्लंडचे संदेश आभाळातून उतरत होते.

भारतात पहिला हौशी परवाना १९२१ साली कोलकात्याच्या अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना मिळाला. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले आणि प्रक्षेपक पोलिसांत जमा करायला लावले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये, चलेजाव चळवळीच्या दिवसांत, मुंबईतून एक गुप्त केंद्र बोलू लागलं. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचं काँग्रेस रेडिओ. त्याचा प्रक्षेपक उभा करणारे नरिमन प्रिंटर हे याच हौशी परंपरेतले. पोलिसांना चकवत केंद्राची जागा सतत बदलत होती. १२ नोव्हेंबरच्या छाप्यात उषाबेन पकडल्या गेल्या. हे केंद्र ४२.३४ मीटर लहरीवर बोलायचं. हिशेब केला तर वारंवारता येते ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आपण दोन कडुनिंबांमध्ये जी तार बांधली, ती चलेजावच्या लहरीला जशीच्या तशी जुळते.

आता सामानाबद्दल. नव्या हॅमला सगळ्यात आधी संचाची धास्ती असते, कारण आयकॉम, याएसू, केनवुड या जपानी कंपन्यांचे संच महाग असतात, अनेकदा लाखाच्या घरात. तयार संच सुंदर असतात, शंका नाही. ते साधारणपणे १३.८ व्होल्टवर चालतात आणि शंभर वॅट बाहेर टाकतात. पण इतक्या वॅटची गरज असतेच असं नाही. पाच वॅट, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बाहूनही कमी शक्ती, त्यात जग गाठणाऱ्यांचा एक वेगळा पंथच आहे.

आणि संच स्वतः बनवताही येतो. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बिटएक्स’ नावाचा संच आराखड्यासह सगळ्यांसाठी खुला केला. परदेशी पुस्तकांतले आराखडे इथल्या माणसाला उपयोगी पडत नसत, कारण त्यातले सुटे भाग इथे मिळतच नव्हते. फरहान यांनी गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल तेवढ्यावरच संच बसवला. तारेची वेटोळी गुंडाळायला खास चुंबकीय कड्या लागतात, त्या नव्हत्या म्हणून नळाचे प्लॅस्टिक वायसर वापरले. आज हा आराखडा जगभर बांधला जातो. नळाच्या वायसरवर गुंडाळलेल्या तारेतून निघालेला आवाज खंड ओलांडून जातो, ही गोष्ट मला कुठल्याही महागड्या संचापेक्षा मोठी वाटते.

हॅमचं बोलणं साध्या रेडिओवर का समजत नाही, असं पुष्कळजण विचारतात. आकाशवाणीच्या मध्यमलहरी केंद्राची बरीचशी शक्ती वाहक लहरीवर खर्च होते. त्या लहरीत आवाज नसतोच. तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन सारख्याच प्रती असतात. हॅम संच वाहक लहर काढून टाकतो, एक प्रतही काढून टाकतो आणि सगळी ताकद उरलेल्या एका प्रतीत ओततो. ऐकणाऱ्या संचाला वाहक लहर स्वतः तयार करून मिसळावी लागते. बटण केसभर चुकलं की आवाज नाकातून येतो, अजिबात कळत नाही. हळूच फिरवलं की अचानक शब्द उमटतात, आणि तो क्षण कितीही वेळा अनुभवला तरी शिळा होत नाही.

एकट्या-दुकट्या गप्पांखेरीज हॅम लोक ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर जमतात. त्याला ते ‘नेट’ म्हणतात. वेगवेगळ्या राज्यांतली वीस-पंचवीस माणसं एकाच वारंवारतेवर असतात आणि एका वेळी एकालाच बोलता येतं, कारण माईकचं बटण दाबलं की ऐकणं बंद होतं. म्हणून एकजण नेट कंट्रोलर असतो. दिंडीत विणेकऱ्याचं जे स्थान, तेच त्याचं इथे. स्वतः कमी बोलायचं, पण सगळ्यांना एका लयीत धरून ठेवायचं. तो एकेकाचं कॉलसाइन पुकारतो, हजेरी घेतो, आवाज कसा येतोय ते सांगतो. कुणी बारीक आवाजात तळाशी धडपडत असेल तर सगळ्यांना थांबवून त्याला आधी बोलू देतो. राजकारण, धर्म, धंदा हे विषय वर्ज्य. तारेची उंची, संचाचा बिघाड, पाऊसपाणी, प्रकृती यावर बोलणं चालतं. निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणायचं, तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला शुभेच्छांचा आकडा. संकट आलं तर हीच बैठक, हाच कंट्रोलर, हीच शिस्त निरोपांच्या कामाला लागते. रोजच्या हजेरीत त्या दिवसाचा सराव होत असतो.

जवळच्या बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. इथे हातात मावणारे संच चालतात, पण लहर आयनोस्फिअर भेदून निघून जाते, म्हणून फक्त नजरेच्या टप्प्यातलं बोलणं. माळावर उभी राहिलेली दोन माणसं साधारण दहा किलोमीटरपर्यंत बोलतील. उंची मिळाली की चित्र पालटतं. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, सोलापूर साडेचारशेच्या. बालाघाटाच्या कडेवर रिपीटर बसवला, म्हणजे एका वारंवारतेवर ऐकून त्याच क्षणी दुसरीवर बोलणारा संच, तर गणिताने त्याचा टप्पा साठ किलोमीटरच्या पुढे जातो. सोलापूर त्यात येतं. तुळजापुरात नवरात्राला लोटणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा. मोबाइलचं जाळं अशा गर्दीत हमखास गुदमरतं. बंगालमध्ये गंगासागरच्या मेळ्यात हॅम लोक हरवलेल्या यात्रेकरूंची घरच्यांशी गाठ घालून देतात. तुळजापुरात हे का होऊ नये?

रिपीटर डोंगरावर बसतो तसा आभाळातही बसतो. इस्रोने ५ मे २००५ ला हॅमसॅट नावाचा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह केवळ हॅम लोकांसाठी सोडला. त्यावरच्या दोन ट्रान्सपाँडरपैकी, म्हणजे आभाळातल्या रिपीटरपैकी, एक नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थी हॅमने बनवला होता. हा उपग्रह २०१४ पर्यंत चालला. २२ जून २०१६ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ झेपावला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन एक किलोच्या आत, काम हॅम लोकांचे निरोप एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणं. दिशा स्थिर ठेवायला त्यात मोटर नव्हती. आतल्या चुंबकाने तो होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहत असे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हॅम संच आहे, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जातं. क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत दहा मिनिटं मिळतात. येताना त्याची वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास वर सरकलेली असते, जाताना तेवढीच खाली. रेल्वेफाटकावर शिट्टीचा सूर बदलतो तेच भौतिकशास्त्र. २०२५ च्या जुलैमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले.

याहून लांब जाणारेही आहेत. काही हॅम चंद्राला आरसा करतात. हाक चंद्रावर आदळून अडीच सेकंदांनी परत येते, इतकी क्षीण की कानांना लागत नाही. तिथे संगणक मदतीला येतो. जोडतारा-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं नोबेल मिळवणारे जो टेलर लहानपणापासून हॅम. खरखरीच्या खाली दबलेली खूण ओळखण्याची विद्या त्यांनी हॅम लोकांसाठी संगणक प्रणालींमध्ये बसवली. २०१७ साली स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत त्यांनी आणलेली एफटी-८ ही पद्धत पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत बोलते. कानाला नुसती शांतता वाटते आणि पडद्यावर एकेक देश उमटत जातो.

बोलायला परवाना लागतो, हे स्पष्ट सांगायला हवं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा वॉकीटॉकी विकत घेऊन परवान्याविना हॅमच्या पट्ट्यांवर बटण दाबणं हा हॅम रेडिओ नव्हे, तो गुन्हा आहे. दूरसंचार विभाग परीक्षा घेतो. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत. अभ्यासक्रम दहावी-बारावीच्या विजेच्या प्रकरणांच्या आसपासचा आणि जोडीला नियम. जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने टिंब-रेघांची मोर्स लिपीही यावी लागते. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर होतो. परवाना येईपर्यंत ऐकायचं असेल तर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे, मोबाइलवरूनही त्याचं बटण फिरवता येतं.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा एक तार बांधा. मुलांना लांबी मोजू द्या, कापू द्या, चुकू द्या. भूकंपाची आठवण ज्या गावांत अजून ताजी आहे, त्या प्रत्येक गावात एक तरी परवानाधारक हॅम आणि चालू स्थितीतली एक बॅटरी असायला हवी. परीक्षेला बसायला वयाची अट फक्त बारा वर्षं पूर्ण एवढीच आहे.